गादीतला कापूस, पन्नास हजारांचा शेअर

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर १० मध्ये ‘कापूस भवन’ नावाची इमारत आहे. भारतीय कापूस महामंडळाचे हे मुख्यालय. तिच्या आसपास रोज हजारो नोकरदार वावरतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण लोकलमध्ये बसून मोबाइलवर शेअरचे भाव बघत असतात. बाजार चढला की डब्यातला अनोळखी माणूसही सल्ला देऊ लागतो. आपटला की सगळे गप्प होतात. कापूस आणि शेअर ही दोन नावे नवी मुंबईत आज अशी शेजारीशेजारी नांदतात. त्यांची पहिली गाठ पडली ती १८६१ ते १८६५ या चार-पाच वर्षांत, खाडीपलीकडच्या मुंबईत. भारतातली पहिली मोठी शेअरतेजी आणि पहिली मोठी पडझड त्या गाठीतून जन्मली.

खाडीच्या अलीकडचा हा भागही तेव्हा कापसाला परका नव्हता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हापासून घाटमाथ्यावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरायचा, तिथे मचव्यांत भरला जायचा आणि भरतीच्या पाण्यावर मुंबईला पोचायचा. पनवेलचे बंदर, तिथल्या वखारी आणि गाडीतळ या वाहतुकीवर जगत. एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि ही वर्दळ ओसरत गेली. मुंबईवर पैशाचा पाऊस पडू लागला होता, नेमकी तेव्हाच पनवेलची गाडीवाट सुनी पडू लागली.

हा पाऊस आला अमेरिकेतून. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या जो कापूस कातत, त्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांच्या श्रमातून येत असे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांच्या घरात चूल पेटेनाशी झाली. मँचेस्टरच्या भांडवलदारांना हिंदुस्थानी कापूस तोवर कधीच पसंत नव्हता. आखूड धाग्याचा, काडीकचरा मिसळलेला म्हणून ते नाक मुरडत. आता तोच हवा झाला. वऱ्हाड, खानदेश, धारवाड, गुजरात, जिथून मिळेल तिथून, पडेल त्या भावाने. अमरावतीच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात त्या गावावरूनच ‘ऊमरा’ म्हणत.

मुंबईतून निघणारा माल काही चौपट झाला नाही. चौपट झाले ते त्याचे पैसे. तेवढ्याच शेतातून, थोड्या जास्त पेऱ्यातून निघालेल्या कापसाला कल्पनेपलीकडचा भाव मिळत होता. दिनशा वाच्छा तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी या काळावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. भाव इतके चढले की लोकांनी जुन्या गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकायला काढला, ही आठवण त्या पिढीने जपून ठेवली. युद्धाच्या वर्षांत मुंबईला नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सात ते साडेसात कोटी पौंड जास्त मिळाले, असा हिशेब गॅझेटियरमध्ये आहे. गावाकडेही त्यातला काही भाग पोचला. मध्य प्रांतात शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचे तिथले इंग्रज अधिकारी नोंदवून गेले आहेत. कष्टकऱ्याच्या हाती पहिल्यांदाच रोकड खेळली, त्याने ती मिरवली, यात मला काही गैर वाटत नाही. गैर होते ते दुसरेच. हा भाव कोणाच्या तरी युद्धामुळे आहे आणि युद्ध संपले की तोही संपणार, हे साधे गणित ज्यांना कळायला हवे होते त्यांनीच ते बाजूला ठेवले.

एवढा पैसा शहरात आला. तो जाणार कुठे? गुंतवायला जागा फार थोड्या होत्या. पहिली कापडगिरणी सुरू होऊन जेमतेम पाच-सात वर्षे झाली होती. सोने-चांदी, घर, सावकारी, हे जुने मार्ग. पण १८५७ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरती मर्यादित केली होती आणि १८६० च्या कायद्याने ती सवलत बँकांनाही मिळाली. कंपनी बुडाली तर घरदार जात नाही, फक्त शेअर जातो, हे लोकांना समजले आणि कंपन्या उगवू लागल्या. १ जानेवारी १८६५ ला मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. शिवाय इतर भागभांडवली कंपन्या ६२. दहा वर्षांपूर्वी हा आकडा दहा-बाराच्या घरात होता. यातल्या बहुतेक कंपन्यांपाशी नाव, संचालकांची यादी आणि छापील शेअर याखेरीज काही नव्हते. बँका कंपन्यांना पैसे देत, कंपन्या बँकांचे शेअर घेत, आणि दोघांचे भाव एकमेकांच्या खांद्यावर चढून वर जात.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस होता, प्रेमचंद रायचंद. १८३१ मध्ये सुरतेत जन्म, लहानपणीच मुंबईत आगमन, आणि १८४९ पासून दलाली. इंग्रजी लिहू-बोलू शकणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती. बातमीची किंमत त्यांना इतरांआधी कळली होती. टपालाचे जहाज धक्क्याला लागण्याआधीच ते समुद्रात आपली होडी पाठवून लिव्हरपूलचे भाव मिळवत, असे सांगतात. बाकीचे व्यापारी पत्र फोडेपर्यंत प्रेमचंदांचे सौदे झालेले असत. पुढे त्यांच्या शब्दावर कंपनी उभी राहू लागली. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती द्यायचे हे ते ठरवत, आणि ज्याला मिळाले तो बाहेर येईपर्यंत श्रीमंत झालेला असे.

बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली, १८४० पासूनची प्रतिष्ठित बँक. १८६३ मध्ये तिच्या सनदेत बदल झाला आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक तिला मिळाली. प्रेमचंदांचे वजन त्या बँकेत इतके होते की त्यांची चिठ्ठी म्हणजेच तारण मानले जाऊ लागले. या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष मी इथे धरतो. सटोडिया सट्टा खेळतो, तो त्याचा धंदाच आहे. बँकेच्या तिजोरीत लोकांचा विश्वास असतो, आणि ती राखायला बसलेल्यांनीच चावी सटोडियाच्या हाती दिली.

तेजीचे शिखर म्हणजे बॅकबे. मुंबई बेटाच्या पश्चिमेला मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला उथळ समुद्र भरून जमीन काढायची, त्यातली काही रेल्वेला द्यायची आणि उरलेली विकायची, अशी बॅकबे रेक्लमेशन कंपनीची योजना. योजना खुळचट नव्हती; शहराला जागा हवीच होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळे करायला घेतले होते. पण या कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर बाजारात ५०,००० रुपयांच्या पुढे गेला. समुद्र अजून समुद्रच होता. भरतीला जिथे लाटा येत, त्या पाण्याखालच्या चिखलाला हा भाव चालला होता. मागोमाग माझगाव, कुलाबा, एल्फिन्स्टन, फ्रिअर अशा नावांच्या जमीन कंपन्या निघाल्या. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० ला पोचला.

टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली दलाल जमत. १८५० च्या सुमारास ते बोटांवर मोजण्याइतके होते, १८६० मध्ये ६०, आणि तेजीच्या भरात २०० ते २५०. कारकून, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, पेढीवाले, गोरे-काळे असा भेद न राहता सगळे या झाडांखाली आले. पैसे रोख मोजायची गरजही नव्हती. सौदे वायद्याचे होत: आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसे पुढच्या तारखेला. मधल्या काळात भाव वाढला की फरक खिशात. १८६५ च्या सुरुवातीला झालेल्या अशा असंख्य सौद्यांची वलणाची तारीख एकच होती, १ जुलै १८६५.

हा धागा आजवर तुटलेला नाही. आपले वायदे आज एक्स्चेंजवर होतात, मार्जिन कापले जाते, सेबी लक्ष ठेवते. वडाच्या झाडाखालची बेबंदशाही राहिलेली नाही. तरी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये खेळलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर होता, असे सेबीच्याच अभ्यासात निघाले. याच सेबीने २००६ मध्ये स्थापलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचे काम वाशीतून चालत आले. शिकवायची सोय आपल्या दारात आहे.

१८६५ उजाडले तेव्हाच कापसाचे भाव डळमळू लागले होते. अमेरिकेत तहाची कुजबुज झाली की मुंबईत भाव उतरत. लढाई लांबली की पुन्हा चढत. एका देशातली माणसे मरत राहावीत यावर दुसऱ्या देशातल्या शहराची भरभराट टांगलेली होती, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. कापूस पडताच कापसावर उभी असलेली पत पडली, पत पडताच शेअर पडले. मे महिन्यात बेहरामजी कामा या बड्या व्यापाऱ्याने हात वर केले. एवढा मोठा माणूस बुडाल्यावर प्रत्येकाने आपल्या देणेकऱ्याच्या दाराकडे धाव घेतली.

आणि १ जुलै आला. जानेवारीत २०-३० हजारांना घ्यायचे कबूल केलेले शेअर आता कोणी फुकटही घेईना. घेणाऱ्याकडे पैसे नव्हते, कारण त्याचे पैसे तिसऱ्याकडे अडकलेले, तिसऱ्याचे चौथ्याकडे. अख्खे शहर एकमेकांचे देणे लागत होते. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला, बँक ऑफ बॉम्बेचा ८७ रुपयांवर आला. दिवाळ्यांची संख्या इतकी झाली की नेहमीच्या न्यायालयांना ती झेपेना, म्हणून सरकारने त्याच वर्षी २८ वा कायदा करून विश्वस्तांमार्फत देणी-घेणी मिटवण्याची खास सोय केली. पुढच्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली आणि मुंबईच्या उरल्यासुरल्या बँकांनाही तिने ओढून नेले. बँक ऑफ बॉम्बेने दोन कोटींच्या आसपासच्या भांडवलातला बहुतेक भाग गमावला. १८६८ मध्ये ती गुंडाळून नवी बँक काढावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला.

बुडालेल्यांत एक नाव मराठी माणसाला चटका लावणारे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड. पेडण्याजवळच्या मांद्र्यातून मुंबईत आलेला मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचा पदवीधर, गरिबांना फुकट तपासणारा धन्वंतरी, शिलालेख वाचणारा संशोधक. त्यांच्यासारखा विवेकी माणूसही या तेजीत ओढला गेला आणि होते नव्हते ते घालवून बसला. त्यानंतरही त्यांनी रुग्णसेवा आणि संशोधन सोडले नाही. १८७४ मध्ये ते गेले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी खपून वर्गणी जमवली, त्याचाही निधी या पडझडीत आटला. सरकारने काम पुरे केले आणि १८७२ मध्ये ते उघडले. आज भायखळ्याचे ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शेअरबाजारात फक्त हावरट लोक बुडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी भाऊ दाजींचे चरित्र वाचावे.

प्रेमचंद स्वतःही बुडाले, पण तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले होते. ते दान आधीच झालेले असल्याने वाचले. त्यातून १८७८ मध्ये त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुरा झाला. १९०६ पर्यंत ते जगले, दलाली पुन्हा केली, कोणालाही न बुडवण्याची काळजी घेत राहिले असे म्हणतात. शहरालाही काही राहिले. बुडालेल्या एल्फिन्स्टन कंपनीने भरलेली जमीन आणि बंदरे सरकारने घेतली आणि त्यातून १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. पण माणसे गेली. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली.

बॅकबेचे स्वप्न मात्र मेले नाही. १९२० च्या दशकात ते पुन्हा निघाले आणि पुन्हा पैसा पाण्यात गेला. १९६० च्या दशकात नरिमन पॉइंटच्या रूपाने तिसऱ्यांदा आले. दक्षिण टोकाला आणखी समुद्र भरून आणखी कार्यालये उभारण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवा, असे १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-बेलापूरच्या खाजणांवर, मिठागरांवर आणि भातशेतांवर नवी मुंबई उभी राहू लागली. कापूस महामंडळही १९७० चेच. बाजारभाव हमीभावाखाली गेला की शेतकऱ्याचा कापूस विकत घेणे हे त्याचे मुख्य काम. १८६५ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मागे असा कोणी उभा नव्हता.

या हकिगतीचा शेवट बहुतेक जण मुंबईतच करतात. पडझडीची लाट मात्र घाटावर चढली आणि तिथे दहा वर्षे राहिली. तेजीत व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी गावोगाव सढळ हाताने उचल दिली होती. शेताला किंमत होती, पिकाला भाव होता, कर्ज फिटेल याची खात्री होती. भाव कोसळले तशी पेढ्यांनी सावकारांची आणि सावकारांनी कुणब्यांची पत आखडली. नेमक्या त्याच वेळी, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. तेजीतले भाव जमेस धरून सारा दीडपट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वाढवला गेला. सारा भरायला पुन्हा सावकाराचीच पायरी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी कर्जरोखा नवा करावा लागे, आणि दर वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिसळे. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्याचाच होता.

१२ मे १८७५ हा सुप्याचा बाजारचा दिवस होता. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांची मागणी एकच होती, वह्या आणि कर्जरोखे. मिळाले तिथे जाळले, नाकारले तिथे दुकाने-घरे लुटली, काही पेटवली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत गेले. माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी उगारला गेला. राग कागदावर होता. या दंग्यामागे फक्त कापूस होता असे म्हणणे चूक ठरेल. पण चांदीच्या धावांपासून सुप्याच्या राखेपर्यंतची वाट एकच आहे, आणि ती बॅकबेवरून जाते.

त्याच वर्षी ९ जुलैला मुंबईत दलालांनी एक रुपया प्रवेश फी ठेवून ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. हाच आजचा मुंबई शेअरबाजार. सुप्याचा वणवा आणि दलाल स्ट्रीटचा जन्म यांत ५८ दिवसांचे अंतर आहे. मुंबईच्या सटोडियांची देणी मिटवणारा कायदा पडझड झाली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, झाला होता. कर्जरोख्यावरच्या आकड्यामागचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला देणारा आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबवणारा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ मध्ये आला, चौदा वर्षांनी.